आरोलकर वकिलांची शुक्रवारची फेरी

आरोलकर वकील मस्कतमध्ये वकील नव्हतेच. ही गोष्ट आमच्या रुवी भागात फार थोड्यांना माहीत होती आणि ज्यांना माहीत होती त्यांनाही ती खरी वाटत नसे. इथल्या कोर्टात उभं राहून बोलायचा हक्क फक्त ओमानी वकिलांना. आरोलकर सालिम नावाच्या एका तरुण ओमानी वकिलाच्या ऑफिसात इंग्रजी कागद तयार करायचे आणि व्हिसावर त्यांचा हुद्दा चक्क 'क्लार्क' होता. पण बिल्डिंगच्या नातूरपासून, म्हणजे राखणदारापासून, शेजारच्या हमरियातल्या चहावाल्या मलबाऱ्यापर्यंत सगळे त्यांना 'वकीलसाब' म्हणत आणि तेही खुशाल ओ देत.

आम्ही २०११ साली रुवीत राहायला आलो. माझा नवरा प्रकाश दुक्मच्या प्रोजेक्टवर, म्हणजे महिन्यातून एकदा-दोनदा घरी येणारा पाहुणा. मी एका स्पेअर पार्टच्या कंपनीत अकाउंट्स बघायची. मुलगी इरा शाळेत. आल्या आल्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आणि त्याच आठवड्यात जिन्यात एक सभा भरली. साठीकडे झुकलेला, पांढऱ्याशुभ्र पूर्ण बाह्यांच्या शर्टातला, बारीक अंगाचा एक गृहस्थ तिसऱ्या पायरीवर उभा राहून हिंदीत विचारत होता, "ये ठराव का सूचक कौन? अनुमोदक कौन?"

मल्याळी नर्सा, गुजराती दुकानदार, एक पाकिस्तानी ड्रायव्हर, सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मला हसू आवरेना. ते त्यांनी बरोब्बर टिपलं. "तुम्ही मराठी ना? मग व्हा सूचक. हसणारा माणूस नेहमी पहिल्या रांगेतला असतो." मी सूचक झाले, एका नर्सला अनुमोदक केलं आणि लिफ्ट दुरुस्त व्हावी असा ठराव एकमताने पास झाला. लिफ्ट पुढे सुरू झाली ती खालच्या सुपरमार्केटवाल्याला वरच्या खोल्यांत तांदळाची पोती न्यायची होती म्हणून. वकीलसाहेब मात्र शेवटपर्यंत तो ठरावाचा विजय समजत होते. मीही कधी त्यांचा भ्रम मोडला नाही.

सूचक आणि अनुमोदक हा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला रोग होता. आमच्याकडे संध्याकाळी भेळ करायची की थालीपीठ, यावरही ते सूचक मागत. इरा शाळेत इंग्रजीतच वाढलेली, ती विचारायची, "काका, अनुमोदक म्हणजे, like, second करणारा?" ते म्हणत, "बरोबर. एकट्या माणसाने म्हटलं तर ती इच्छा. दुसऱ्याने होय म्हटलं की तो ठराव." पोरगी त्यांच्यावर खूश होती. तिच्या अडखळत्या मराठीला न हसणारा मस्कतमधला तो बहुधा एकमेव मराठी माणूस.

या रोगाचं मूळ कोकणातल्या एका छोट्या नगरपालिकेत होतं. तिथे आरोलकर वकिली करत, निवडून येत, आणि काही काळ नगराध्यक्षही होते. मच्छी मार्केटच्या रस्त्यावर आलेली बांधकामं पाडायचा ठराव त्यांनीच आणला. त्या बांधकामांत त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं दुकान होतं, पक्षाच्या दोन नगरसेवकांची होती. सगळी पाडली. पुढच्या निवडणुकीला लोकांनी त्यांचं डिपॉझिट जप्त केलं आणि त्यानंतर हळूहळू अशिलंही यायची बंद झाली. ज्याने भावाला सोडलं नाही तो आपल्याला काय सोडवणार, असा गावाचा हिशेब. तो अगदी चूक होता असं मला म्हणवत नाही.

"आणि वहिनी?" मी एकदा विचारलं.

"ती म्हणाली, तुमच्या राजकारणाबरोबर संसार केला, आता वाळवंटाबरोबर करणार नाही. ठराव फेटाळला," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. मला ते हसणं आवडलं नव्हतं.

त्यांची ओमानातली खरी वकिली शुक्रवारची. सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ, संध्या उरकून ते निघत आणि बातिनाच्या किनाऱ्याने गावोगाव थांबत थेट सहमपर्यंत जात. वाटेत ठरलेल्या कॅफेटेरियात माणसं त्यांची वाट बघत बसलेली असत: सुतार, वेल्डर, शिंपी, शेतावरचे मजूर. कुणाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला, कुणाला करारात वेल्डर म्हणून आणून बकऱ्या राखायला लावलेलं. वकीलसाहेब ऐकून घेत, तक्रारीचा कागद इंग्रजीत लिहीत, सुट्टी संपली की तो सालिमच्या टेबलावर ठेवत. सालिम मनाचा मोठा माणूस. यातले बरेच कागद तो अरबीत करून स्वतः कामगार खात्यात नेऊन देई. कधी माणसाचा पासपोर्ट सुटे, कधी नाही.

या फेरीत मी कशी अडकले ते सांगते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि हायवेवर एका ट्रेलरला त्यांनी मागून जवळजवळ अनुमोदन दिलं. त्यानंतर मीच म्हटलं, शुक्रवारी गाडी मी चालवते, नाहीतरी नवरा वाळवंटात आणि मुलगी मोबाईलमध्ये. पुण्याच्या बाईने आपण होऊन काही देऊ केलं याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी सूचक-अनुमोदकही विचारला नाही.

गाडीत ते मला त्यांच्या अमेरिकन वकिलाची गोष्ट सांगायचे. हमरियात जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एक कव्हर गेलेलं जाडजूड पुस्तक मिळालं होतं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाच्या कुणा आडगावच्या वकिलाचं चरित्र. हा मनुष्य वकिली शिकला ती दुसऱ्याच्या ऑफिसात झाडलोट करता करता, मागून आणलेली पुस्तकं वाचून. मग न्यायाधीशामागोमाग घोड्यावरून गावोगाव फिरायचा. आज या गावात कोर्ट, चार दिवसांनी पुढच्या गावात. रात्री खाणावळीत न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील एकाच बिछान्यावर आडवे. वकीलसाहेबांना हे भारी आवडायचं. "बघा माधवीताई, आपलीही तीच फेरी. घोड्याच्या जागी तुमची कोरोला."

पुढे तो अमेरिकन विधिमंडळात निवडून गेला आणि तिथे जमिनीच्या एका कायद्यावर आपल्याच मतदारांच्या विरुद्ध मत देऊन बसला. मूळ रहिवाशांची जमीन करार मोडून घ्यायची होती. हा म्हणाला, करार म्हणजे करार. वकीलसाहेब ही हकीकत अशी सांगत, जणू तो सावंतवाडीचा कुणी ओळखीतला होता आणि कालच एसटीत भेटला होता.

"मग निवडून आला का पुन्हा?"

"छे हो! पाडला लोकांनी. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पाडला."

"मग?"

"मग काय, पुन्हा उभा राहिला."

मला त्या अमेरिकनाचा कंटाळा यायचा, खरं सांगते. हरण्याचं एवढं कौतुक मला कधीच कळलं नाही. पण त्या पुस्तकाने वकीलसाहेबांना एक मोठी सोय करून दिली होती. आपण एकटेच मूर्ख नाही, असं त्यांना वाटायचं.

आमच्या मराठी मंडळाची निवडणूक हा त्यातलाच प्रकार. निवडणूक म्हणायची इतकंच. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर जुनेच अध्यक्ष टाळ्यांच्या गजरात पुन्हा निवडले जात आणि मंडळी जेवायला बसत. एका वर्षी वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी उमेदवार आहे आणि मतदान गुप्त व्हायला हवं. मसालेभात निवत चाललेला. अध्यक्ष म्हणाले, "अहो आरोलकर, आपण सगळे घरचेच." "घरच्यांतच गुप्त मतदान लागतं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी छोटं भाषणही केलं: मंडळाने फक्त गणपती आणि लावणीचा कार्यक्रम न करता सहम, सोहारकडच्या आपल्या माणसांसाठी एक मदतीची खोली उघडावी. लोकांनी ऐकून घेतलं. टाळ्याही दिल्या. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि वकीलसाहेब असे काही पडले की अध्यक्षांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच्या हाताने वकीलसाहेबांना जिलबी वाढली.

परत येताना मी म्हटलं, "कशाला हा हट्ट?"

"उभं राहायलाच हवं होतं. नाहीतर ते बिनविरोध झाले असते. बिनविरोध हा शब्द मला शिवीसारखा वाटतो."

दत्ताराम आमच्या आयुष्यात आला तो २०१४ च्या हिवाळ्यात, सहमच्या एका कॅफेटेरियात. सावंतवाडीकडचा सुतार, पस्तिशीचा. खांद्याने रुंद, बोलायला कमी. समोर पराठा-अंडं आलं तरी आधी वकीलसाहेबांनी घास घेतल्याशिवाय हात न लावणारा. सहमच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये तो होता. अर्बाबने, म्हणजे मालकाने, वर्कशॉप बंद केलं आणि याला सांगितलं, बाहेर कुठे काम मिळतं का बघ, पासपोर्ट माझ्याकडे राहू दे. हा बिचारा मुलादाह गावी कुणाकडे दारं बसवायला गेला. इकडे अर्बाबने कागद दिला की माझा माणूस पळून गेला. इथे असा कागद गेला की माणसाचा बताका, म्हणजे ओळखपत्र, मेलेलंच. रस्त्यात पोलिसाने विचारलं तर तो पळपुटा.

"मी पळाक नाय, साहेब," दत्ताराम म्हणाला. "तेनी माका भायर काडल्यान."

वकीलसाहेबांनी कागद लिहिला. त्यांची एक पद्धत होती. इंग्रजी कागद पुरा झाला की तो त्या माणसाला त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचा आणि विचारायचं, यात खोटं काय आहे? खरं काय विचारत नसत, खोटं काय विचारत. दत्तारामला त्यांनी मालवणीत सगळं सांगितलं आणि विचारलं, "ह्यात खोटा काय आसा?"

दत्तारामने बराच विचार केला. "मी रडलंय असा लिवलास तुमी. मी रडाक नाय."

इंग्रजीत 'मोठ्या मनस्तापात' असं काहीतरी होतं. वकीलसाहेबांनी ते तिथल्या तिथे खोडलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हा माणूस कोर्टात टिकेल." त्यांच्या आवाजात असा उल्हास मी पूर्वी ऐकला नव्हता. आजवरचे सगळे कागद तडजोडीचे होते: पासपोर्ट घे, सही कर, घरी जा. दत्तारामची गोष्ट वेगळी होती. त्याला पुन्हा रीतसर व्हिसावर ओमानला यायचं होतं, गावच्या घराचं छप्पर अजून व्हायचं होतं. आणि त्यासाठी त्याच्या नावावरचा पळपुटेपणाचा डाग कोर्टाकडून पुसून घ्यायला हवा होता. वकीलसाहेबांना इतक्या वर्षांनी एक खरा खटला मिळाला होता. बोलणार होता सालिम, पण खटला आरोलकरांचा होता.

तारखा पडू लागल्या. दत्ताराम हमरियात एका खोलीत येऊन राहिला. खोलीत बाकीचे बांगलादेशी आणि एक आंध्रचा. दिवसा फारसं बाहेर पडायचं नाही. आसपासच्या दुकानदारांची फळ्यांची, कपाटांची कामं तो मागच्या दाराने करून द्यायचा. गावाकडे म्हातारा बाप होता, बायको, एक मुलगी. बाप फोनवर रोज एकच विचारायचा, कधी येतस?

मग २०१५ साली सरकारने मुदत दिली. कागद नसलेल्यांनी यावं, नाव द्यावं, बोटांचे ठसे द्यावेत. दंड नाही, तुरुंग नाही, विमानात बसावं आणि जावं. फक्त परत यायचं नाही. सगळ्या ओमानात ही बातमी वणव्यासारखी गेली. हमरियातल्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. तो आंध्रचा गेला, बांगलादेशी गेले. माणसं या मुदतीला नुसती 'माफी' म्हणत.

दत्ताराम एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर आला. मीही तिथे होते, इराच्या क्लासची वेळ व्हायची होती.

"साहेब, माफी उघडली आसा. बापूस सांगता, आता येवन जा."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "माफी कोण मागता रे? गुन्हो केल्लो मागता. तू काय गुन्हो केलंस?"

"काय नाय."

"मग?"

मला राहवेना. "वकीलसाहेब, जाऊ दे ना त्याला. बाप म्हातारा आहे."

ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा चिडलेला नव्हता, उलट समजावणीचा होता आणि तेच वाईट होतं. "माधवीताई, तो पळालेला नाही. आज त्याने ठसे दिले की कागदावर तो पळालेला होतो. कायमचा. मग अर्बाब खरा आणि हा खोटा. सालिम म्हणतोय केस भक्कम आहे. चार-सहा महिन्यांचा प्रश्न. चार-सहा महिन्यांसाठी माणसाने आपलं नाव टाकून द्यायचं?"

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर मी पुढे बोलले नाही.

दत्तारामने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी सांगशात ता."

मुदत वाढली. त्या वाढलेल्या मुदतीतही वकीलसाहेबांनी दोनदा त्याला सांगितलं की मन घट्ट ठेव. मग ती संपली. हमरियाच्या त्या खोलीत नवे लोक आले, जुन्यांत एकटा दत्ताराम राहिला.

कोर्टाचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काही झालंच नाही. अर्बाब यायचा नाही. समन्स परत यायचं. मग अर्बाब आला, त्याने वकील बदलायला वेळ मागितला. मग रमजान आला, मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. मग सालिमला सरकारी नोकरी लागली आणि ऑफिस त्याच्या काकांकडे गेलं. काकांनी वकीलसाहेबांना सांगितलं, शुक्रवारचे कागद आता इथे आणू नका. दत्तारामचा कागद तेवढा वकीलसाहेबांनी पाया पडून चालू ठेवला. शब्दशः पाया पडून. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. ज्याने गावच्या मतदारांच्या पाया पडायला नकार दिला होता तो माणूस.

"इन्शाल्ला, पुढच्या तारखेला," ते म्हणत. हळूहळू त्यांच्या तोंडी हा शब्द इतरांच्या इन्शाल्लासारखाच येऊ लागला. म्हणजे नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या, इथे धूळच होती, दत्तारामचा बाप गेला. तिथून पुतण्याने फोटो पाठवले. अग्नी त्या पुतण्यानेच दिला. वकीलसाहेबांनी मला ऑफिसात फोन केला आणि म्हणाले, "माधवीताई, जरा हमरियाला येता का? मला एकट्याला तिथे जाता येत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. दत्तारामने खालच्या बांगलादेशी न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं होतं. तो खाली चटईवर बसला होता, मोबाईल पुढ्यात पालथा. वकीलसाहेब त्याच्यासमोर बसले. आयुष्यभर सभा गाजवलेला माणूस, ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. माफी घेतली असती तर दत्ताराम बापाच्या शेवटच्या आजारात उशाशी असता. हा हिशेब खोलीतल्या तिघांनीही केला होता, आणि दत्ताराम तो बोलून दाखवणार नव्हता.

शेवटी तोच बोलला. "बरा झाला, साहेब. बापसान तरास काडूक नाय." मग उठला, स्टोव्ह पेटवला. "तुमी च्या घेवा."

वकीलसाहेबांनी तो चहा घेतला. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला, आजवर कधी धरला नव्हता. "एक शिवी दिली असती हो त्याने," ते म्हणाले. "एक शिवी तरी द्यायची."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं की तुमचा हेतू चांगला होता. ते म्हणाले, "हेतू नगरपालिकेच्या ठरावात चालतो, इथे नाही." त्यानंतर शुक्रवारच्या फेऱ्या कमी झाल्या आणि पुढे बंद झाल्या. सहमचे लोक मला फोन करून विचारत, वकीलसाब आजारी आहेत का? मी होय म्हणत असे.

त्या दिवसांत मी एकदा त्यांना बोलतं करावं म्हणून विचारलं की तुमच्या अमेरिकन वकिलाचं शेवटी काय झालं. ते म्हणाले, "मेला. तो ज्यांची जमीन वाचवायला उभा राहिला होता, त्यांची जमीन त्याच्या हयातीतच गेली. त्याच्या मताने एक एकरही वाचला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं." खरं तर मला तो अमेरिकन मेला याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी दत्ताराम माझ्या दारात उभा. भर दिवसा, रस्त्याने चालत आला होता. मी घाबरून त्याला आत ओढलं.

"ताई, मी उद्या पोलिसांत जावन हजर होतंय," तो म्हणाला. "ते घरी धाडतले. साहेबांका मागसून सांगा."

"मागाहून का? आत्ताच सांगू या. वरच राहतात ते."

"नको. ते नको म्हणतले. आणि ते नको म्हणाले काय माका जाऊक जमाचा नाय." मग खाली बघत म्हणाला, "माफी उघडल्यानी तेवाच माका जावचा होता. पण साहेबांचा मन मोडवला नाय. ते माज्यासाठी इतके भांडत होते."

मला रडू आलं. त्याला नाही आलं. त्याने पाणी घेतलं, पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि गेला.

मी दोन दिवसांनी वकीलसाहेबांना सांगितलं. शब्दही बदलला नाही, त्याने जसं सांगितलं तसंच सांगितलं. खोटं बोलून त्यांना वाचवता आलं असतं. पण त्या माणसाशी खोटं बोलायची मला सवयच नव्हती. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो माझ्यासाठी थांबला होता. मला वाटत होतं मी त्याच्यासाठी लढतोय." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून, "बुधवारी तारीख आहे त्याची."

बुधवारी ते कोर्टात गेले. बोलायचा हक्क नव्हताच. मागच्या बाकावर बसून राहिले. पुकारा झाला. काकांचा कुणी ज्युनिअर उठून काहीतरी म्हणाला. फिर्यादी गैरहजर म्हणून अर्ज निकालात काढला. खलास. अर्बाबचा कागद तसाच कायम राहिला: कामगार पळून गेला. दत्तारामने इतके महिने त्या खोलीत काढले, बाप गमावला, आणि शेवटी पोलिसांच्या गाडीतून, ठसे देऊन, परत न येण्याच्या शिक्क्यानिशीच गेला. माफीत गेला असता तर निदान बेड्या पडल्या नसत्या. हे सगळं वकीलसाहेबांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, एकाही शब्दावर जोर न देता, एखाद्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसं.

पुढच्या वर्षी ओमानीकरणात त्यांची जागा गेली. ते होणारच होतं. नवीन आलेली ओमानी मुलगी इंग्रजी छान लिहायची, त्यांनीच तिला काम शिकवलं. मंडळाने निरोप समारंभ ठेवला होता. वकीलसाहेबांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. प्रकृतीला काही झालं नव्हतं, डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा झालं होतं.

विमानतळावर मीच सोडायला गेले. नवा विमानतळ, लख्ख, गार, प्रचंड मोठा. त्यांची एकच बॅग. आम्ही कॉफी घेतली. घरी जाऊन काय करणार, असं विचारलं तर म्हणाले, बायको म्हणेल ते. भावाशी आता बोलणं आहे का? नाही. कोर्टात पुन्हा उभं राहणार? मान हलवली. मग मी जे इतके दिवस मनात घोळवत होते ते विचारलं.

"दत्तारामच्या गावाला जाल का? तुमच्या गावापासून फार लांब नाही."

"नाही."

"त्याला बरं वाटेल."

"तेच तर," वकीलसाहेब म्हणाले. "तो मला ओटीवर बसवेल. बायकोला चहा टाकायला सांगेल. मुलीला पाया पडायला लावील. म्हणेल, ह्या साहेबांनी माज्यासाठी खूप केल्यानी." त्यांनी चष्मा काढला आणि नव्या डोळ्यांवरून हात फिरवला. "मला ते झेपणार नाही, माधवीताई. त्याने तोंडावर दार लावलं असतं तर गेलो असतो."

मी त्यांची बॅग उचलली आणि आम्ही निघालो.

आत जायच्या दारापाशी रांग होती. सुट्टीवर निघालेली माणसं, दोरीने बांधलेली खोकी, कडेवर झोपलेली पोरं. वकीलसाहेबांनी मला नमस्कार केला आणि रांगेत उभे राहिले. मागे एक बाई मूल घेऊन आली. त्यांनी बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं. मग एका म्हाताऱ्या जोडप्याला. मग केरळच्या पोरांचा एक अख्खा घोळका आला, धडधाकट, हसतखिदळत, त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनाही हाताने 'तुम्ही जा' केलं. आतून त्यांच्या विमानाचा पुकारा एकदा झाला, परत झाला. मी काचेजवळ बराच वेळ उभी होते. माझी पार्किंगची वेळ संपली म्हणून निघाले, तेव्हाही ते रांगेच्या शेवटीच होते आणि येईल त्याला पुढे सोडत होते.